अचूक उत्तर देणारे एकमेव वाचक

शिवाजी पेठेतल्या एका बोळात, सायकलच्या दुकानाच्या माडीवरून आमचा पेपर निघायचा. रोज चार पानं. रविवारी तिसऱ्या पानाच्या डाव्या कोपऱ्यात एक कोडं असायचं, त्याखाली मागच्या कोड्याचं उत्तर, आणि त्याखाली बारीक अक्षरात 'अचूक उत्तर देणारे' म्हणून नावांची यादी. बक्षीस काही नाही, नुसतं नाव. पण पेपरात नाव यावं म्हणून कोल्हापूरचा माणूस काय करेल ते सांगता येत नाही. कोडं घालणाऱ्याचं टोपणनाव होतं कोडेमामा. नव्वदचं दशक संपता संपता तो मामा मी होते. वय पंचवीस, शिक्षण बी.एस्सी. गणित, तोंड फटकळ.

मामा कोण, हे बाहेर फोडायचं नाही अशी मालकांची सक्त ताकीद होती. माझ्या आधीचे मामा खरेखुरे मिशीवाले गृहस्थ होते. त्यांनी एकदा चहाच्या टपरीवर बढाई मारली आणि संपलं. सलूनमध्ये गळ्याला वस्तरा टेकवून विचारणा व्हायची, "मामा, ह्या रविवारचं उत्तर काय म्हणालासा?" तालमीतली पोरं त्यांना घरापर्यंत सोडायला यायची आणि दारातून हलायची नाहीत. त्यांनी शेवटी कोडी सोडली आणि दाढी वाढवली. म्हणून मी घरीसुद्धा सांगितलेलं, बाजारभाव आणि निधनवार्ता लिहिते. आई शेजारणींना सांगायची, "मेलेल्यांचं सगळं आमच्याच लेकीकडं असतंय."

घर वारणानगरला, कारखान्याच्या कॉलनीत. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत मावशीकडे राहायचे आणि पंधरा दिवसांनी एकदा घरी जायचे. आप्पा, म्हणजे माझे वडील, कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. उसाची गाडी काट्यावर उभी राहिली की वजन वाचायचं आणि पावती द्यायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. कॉलनीत त्यांना कुणी नावानं हाक मारायचं नाही, 'काटेवाले' म्हणायचे. आणि आप्पांना त्याचा केवढा तोरा! बाजारात भाजीवाल्याच्या हातातलं वांगं घेऊन, जरा वर-खाली करून सांगायचे, "अडीचशेला दहा ग्रॅम कमी." भाजीवाले त्यांना लांबून बघूनच वैतागायचे.

तर हे आमचे आप्पा दर आठवड्याला कोडेमामांना पोस्टकार्ड पाठवायचे. आपण कुणाला लिहितोय याचा त्यांना पत्ता नव्हता. वर 'मा. कोडेमामा यांस, स.न.वि.वि.', खाली टपोऱ्या अक्षरात उत्तर, आणि त्याखाली ते उत्तर कसं बरोबर आहे याचं स्पष्टीकरण. आणि दर आठवड्याला ते चुकलेलं असायचं. थोडंथोडकं नव्हे, मुळापासून चुकलेलं.

एकदा मी घातलं होतं: दाढी आहे पण बुवा नाही, दात आहेत पण चावत नाही, हिरवी साडी नेसून शेतात उभं. सरळ आहे की, मक्याचं कणीस. शाळेतल्या पोरांनी ढिगानं पत्रं पाठवली. आप्पांचं उत्तर: 'आमच्या गेटवरचे वॉचमन. दाढी आहे. दात आहेत पण कवळीचे, त्यामुळे चावत नाहीत. साडीचे नक्की माहीत नाही, परंतु सुट्टीच्या दिवशी माणूस शेतात काय नेसतो हे आपण बघायला जात नाही.'

गोगलगायीचं कोडं घातलं. विहीर तीस फूट खोल, गोगलगाय तळाशी. दिवसा तीन फूट चढते, रात्री दोन फूट घसरते, तर काठावर कधी येईल? लोक फटकन तीस दिवस म्हणतात. खरं उत्तर अठ्ठावीस, कारण सत्तावीस दिवसांनी ती सत्तावीस फुटांवर असते आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तीन फूट चढून बाहेरच पडते, मग घसरायचा प्रश्नच नाही. आप्पांनी लिहिलं, 'येणार नाही. वर ऊन, खाली गारवा. गोगलगायीला बाहेर यायचे असते तर ती रात्री घसरली असती का? याचा मामांनी विचार करावा.'

नदीकाठचा शेतकरी, वाघ, शेळी आणि गवताची पेंढी, हे तर सगळ्यांना ठाऊक असतं. होडीत एका वेळी एकच न्यायचं. माणूस नसताना वाघ शेळी खातो आणि शेळी गवत खाते. आधी शेळी पलीकडे सोडायची, परत येऊन वाघ न्यायचा, येताना शेळी माघारी आणायची, गवत न्यायचं आणि शेवटी पुन्हा शेळी. आप्पांचं कार्ड वाचून मी खुर्चीतून पडायची राहिले: 'ज्याच्याकडे वाघ आहे त्याने नदी ओलांडण्याच्या भानगडीत न पडता प्रथम वनखात्यास कळवावे. शेळी कुणाची आहे?'

दोन बाप आणि दोन मुलगे जेवायला बसले, तीनच भाकऱ्या होत्या, तरी प्रत्येकाला अख्खी भाकरी कशी मिळाली? आजोबा, वडील आणि नातू, म्हणजे माणसं तीनच. आप्पा म्हणाले, चौथा सांगलीचा असणार, तो घरून खाऊन आला असेल.

मी ही कार्डं वाचून हसायचे, डीटीपी करणाऱ्या दादांना वाचून दाखवायचे आणि चुकलेल्यांच्या गठ्ठ्यात टाकायचे. आमचं आडनाव या जिल्ह्यात दर तिसऱ्या दारावर आहे, त्यामुळे दादांना काही शंका आली नाही. आपल्याच बापाचं कार्ड आपणच बाद करायचं, हे काय काम झालं? पण चूक ते चूक. कोडेमामा म्हणून माझीही काही इज्जत होती.

मग आप्पा रिटायर झाले. सत्कार झाला, शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून जायला कुठं नाही. त्यानंतरच्या एका रविवारी मी घरी होते. आप्पा ओट्यावर पेपर घेऊन बसले होते. यादीवर पहिल्या नावापासून बोट ठेवून खाली खाली आले, शेवटच्या नावावर थांबले, पुन्हा वर गेले. समोरून जाणाऱ्या एकानं हाळी दिली, "काय काटेवाले, निकाल काय?"

आप्पा म्हणाले, "पुढच्या रविवारी." मग पेपरची घडी घालताना मला म्हणाले, "काट्यावर होतो तवा बरं होतं बघ. तिथं मी चुकत न्हवतो. आता डोस्क्याला गंज चढला वाटतं."

आतून आई म्हणाली, "गंज चढायला आधी पॉलिश होती व्हय?" आम्ही तिघंही हसलो, पण आप्पांचं हसू मध्येच संपलं. मला ते सहन झालं नाही. एसटीत बसून कोल्हापूर येईपर्यंत मी एकच ठरवत होते: या माणसाचं नाव त्या यादीत आलंच पाहिजे. एकदा, फक्त एकदा.

ते खरोखर बरोबर येईल असं कोडं हवं होतं. म्हणून मी खास त्यांच्यासाठी वजनाचं कोडं काढलं. एकसारख्या दिसणाऱ्या नऊ गोळ्या आहेत, त्यातली एक किंचित जड. दोन पारड्यांचा तराजू आहे, वजनं नाहीत. जड गोळी हमखास शोधायला तराजू कमीत कमी किती वेळा वापरावा लागेल? उत्तर, दोनदा. आधी तीन विरुद्ध तीन टाकायच्या. एक पारडं खाली गेलं तर जड गोळी त्या तिघींत, दोन्ही सारखी राहिली तर बाहेर ठेवलेल्या तिघींत. मग त्या तीनपैकी एकीसमोर एक टाकायची. जी खाली गेली ती जड, सारख्या राहिल्या तर उरलेली जड. तीस वर्षं वजन करणाऱ्या माणसाला हे नाही आलं तर कुणाला येणार?

गुरुवारी कार्ड आलं. 'एकदाही नाही. नुसते हातात धरावे. हातात धरून ज्याला कळत नाही तो माणूस काट्यावर बसायच्या लायकीचा नव्हे. कळावे, लोभ असावा.'

माझं डोकंच सटकलं. "अहो आप्पा, तराजू वापरा की जरा! खास तुमच्यासाठी घातला होता तो तराजू!" असं मी कार्डावर ओरडले. दादांनी कॉम्प्युटरवरून मान वळवली आणि विचारलं, "मॅडम, बरं हाय न्हवं?"

बरं नव्हतं. शनिवारी मालक बेळगावला एका लग्नाला गेले होते आणि पान माझ्या हातात होतं. मी उत्तर लिहिलं: 'एकदाही नाही. अनुभवी माणसाला हातात धरताच कळते.' आणि खाली यादीच्या जागी पहिल्यांदाच एकच नाव टाकलं. 'अचूक उत्तर देणारे एकमेव वाचक', आणि आप्पांचं पूर्ण नाव, गावासकट. दादांनी विचारलं, "हे बरोबर हाय?" मी म्हटलं, "छापा."

रविवारी सकाळी नऊला पहिला फोन आला आणि दुपारपर्यंत फोन खाली ठेवता येईना. एका शिक्षकांनी मला फोनवर आकृती समजावून सांगितली. फोनवर! तालमीतली दहा-बारा पोरं जिन्यात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मामाला खाली पाठवा, आमी काय करत न्हाई, निस्तं बोलायचं हाय." सोमवारी लक्ष्मीपुरीतले एक भुसार व्यापारी चक्क दुकानातला तराजू उचलून घेऊन आले आणि मालकांच्या टेबलावर आपटून म्हणाले, "दोनदा! मी अडीच वर्षं तुमाला उत्तरं पाठवतोय. हाताला कळत असतं तर आमी हे कशाला ठेवलं असतं, आरतीला? चूक सुधारल्याबिगर ह्यो इथनं हालायचा न्हाई." आणि तराजू तिथंच ठेवून निघून गेले.

मालकांना रडावं की हसावं कळेना. "निवडणुकीला सुदिक एवढे फोन आले न्हाईत," असं म्हणून ते माझ्याकडं बघायचे आणि पुढच्या क्षणी, "पण काय खुळ्यागत उत्तर छापलंस गं पोरी!" म्हणून टेबलावर हात आपटायचे. मग तराजूची पारडी खणखणायची. मी म्हटलं, चुकून झालं. खोटं बोलताना मला घाम येतो, तो आला.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला जिन्यावर चपला वाजल्या. मी कोपऱ्यात जुन्या अंकांच्या चळतीमागे बसले होते. तो आवाज मी ओळखला. आप्पा! इस्त्रीचा सदरा, टोपी आणि हातात स्टीलचा डबा. मी चळतीआड आणखी खाली सरकले.

"नमस्कार," ते मालकांना म्हणाले. "कोडेमामांना भेटायचं हाय."

"बसा पावणं. तुमीबी त्या गोळ्यांसाठीच आलायसा न्हवं?" मालकांचा आवाज थकलेला होता. "आमचं उत्तर चुकलंय. मान्य हाय."

"चुकलंयच की. ते माझंच उत्तर हाय, म्हणून मला ठावं." आप्पांनी खिशातून पेपरचं कात्रण काढलं आणि स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. "ह्यो मी. हे नाव काढा."

मालक उठून उभे राहिले. दोन दिवसांत नाव घाला म्हणणारी शंभर माणसं आली होती, काढा म्हणणारा हा पहिलाच.

आप्पांनी मग सगळं सांगितलं. रविवारी नाव बघून त्यांनी पेपरचे बारा अंक घेतले आणि कॉलनीत वाटले. संध्याकाळी लोक जमले, म्हणाले, काटेवाले, दाखवा की करून. आईनं बेसनाचे नऊ लाडू वळले, एकसारखे, आणि एकात लोखंडी नट घातला. आप्पांनी सगळ्यांसमोर एकेक लाडू हातात घेतला आणि एक निवडला. फोडला तर नुसतं बेसन. आईनं तो पुन्हा वळला. आप्पांनी दुसरा निवडला, तोही बेसन. "मी म्हटलं, तूप जास्ती झालंय, हात घसरतोय. तिसऱ्यांदा बी चुकलो." "न्हाई कळत आता हाताला. मग वाण्याकडनं तराजू आणला आन् बसलो. दोनदात सापडतंय. दावू?"

लक्ष्मीपुरीचा तराजू समोरच होता. आप्पांनी डबा उघडला, आत तेच नऊ लाडू. तीन लाडू इकडे, तीन तिकडे, पारडं खाली गेलं. त्यातला एक इकडे, एक तिकडे. जड लाडू उचलून त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यावर वेगळा ठेवला आणि हात झटकले. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते बरोबर उत्तर माझ्या डोळ्यांदेखत आलं, आणि मी रद्दीमागे लपून बसले होते.

"कोडेमामांनी माझं चुकलेलं बरोबर कसं धरलं, एवढंच विचारायचं होतं," आप्पा म्हणाले.

मालकांनी हाक मारली, "ये गं मामा, बाहेर ये!"

मी उभी राहिले. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं. त्यांना वाटलं मामा मागून येतोय. मागे भिंत होती.

"तू? आन् बाजारभाव?"

"ते पण लिहिते."

"माझी कार्डं तू वाचायचीस?"

"व्हय."

"ते वाघाचं? वनखात्याचं?"

"सगळी वाचलीत आप्पा. सगळी चुकलेली होती."

"मग हे कसं काय बरोबर धरलंस?"

आणि मी भडकले. मला लाज वाटली की मी भडकते, ही जन्माची खोड आहे. "नाव छापायचं होतं तुमचं! दर रविवारी बोट फिरवत बसता ते बघवत न्हाई मला! एक कोडं धड येत न्हाई तुम्हाला, मग काय करू मी? झालं समाधान?" माझे डोळे भरून आले आणि तेवढ्यात मोठ्यानं 'कट्' असा आवाज आला.

मालक गाल धरून खाली बसले. टेबलावर एकच लाडू वेगळा काढून ठेवलेला पाहून त्यांना वाटलं होतं, हा मालकाचा मान. आमचं बापलेकीचं चाललेलं बघून बाकीचे लाडू दादांनी आणि छपाईवाल्यांनी संपवत आणले होते, म्हणून मालकांनी घाईघाईनं मानाचा लाडू अख्खा तोंडात टाकला होता. त्यांनी तळहातावर नट काढला, त्याच्याशेजारी दाढेचा एक तुकडा. "सापडला की," ते कळवळून म्हणाले, "तराजूबिगर."

दादा हसून हसून खुर्चीसकट मागे गेले. मी रडत रडत हसत होते. आप्पा मालकांना पाणी देत होते, "नट हाय म्हणून सांगितलं होतं की वो," म्हणत होते, आणि त्यांचे खांदे हलत होते.

सगळं शांत झाल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. आवाज चढवला नाही. "तुझा चुलता यायचा उसाची गाडी घेऊन. सख्खा भाऊ माझा. दरसाली म्हणायचा, दादा, अडचण हाय, थोडं वाढवून धर. किलोभर बी कधी वाढवून दिला न्हाई मी. दोन वर्सं बोलत न्हवता माझ्याशी."

"माहीत हाय," मी म्हटलं.

"मग मला का वाढवून दिलंस?"

मी कोरा कागद पुढं ओढला.

"चूक दुरुस्ती लिही," ते म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. मी लिहिलं, की मागील अंकातील उत्तर चुकीचं होतं, खरं उत्तर दोनदा. मग अचूक उत्तर देणाऱ्यांची नावं घेतली. लक्ष्मीपुरीचे व्यापारी, शिक्षक, तालमीतली पोरं, नव्वदच्या वर. सगळ्यात शेवटी मी हळूच आप्पांचं लिहिलं. उत्तर तर आता बरोबर आलं होतं ना?

त्यांनी लगेच बोट ठेवलं. "मुदत कधीपतुर होती?"

"शुक्रवार."

"आज मंगळवार हाय."

मी त्यांचं नाव खोडलं. ते पुढं वाकून बघत होते, नीट खोडलं गेलंय की नाही.